दूरदेशाचे चित्र : ग्रीक-रोमन भूगोलकारांचा भारत आणि पालि साहित्यातील योन

मज्झिमनिकायातील अस्सलायनसुत्त आपल्या वाचकांच्या परिचयाचे आहे. ब्राह्मण हाच श्रेष्ठ वर्ण व इतर सर्व हीन, असा दावा घेऊन अस्सलायन नावाचा तरुण पंडित श्रावस्तीला तथागतांच्या भेटीस येतो. त्या दाव्याचे खंडन करताना तथागत अनेक युक्तिवाद मांडतात. त्यांतील एक भौगोलिक आहे. योन, कंबोज व इतर सीमावर्ती जनपदांत अय्य आणि दास, म्हणजे धनी आणि गुलाम, असे दोनच वर्ण आहेत. तेथे धन्याचा दास होतो आणि दासाचा धनी होतो, ही गोष्ट त्याच्या कानावर आली आहे काय, असे ते त्याला विचारतात. अस्सलायनाला ते मान्य करावे लागते.

या उल्लेखाचा सामाजिक अर्थ अनेकदा चर्चिला गेला आहे. प्रस्तुत लेखात त्याची दुसरी बाजू पाहावयाची आहे. गंगेच्या खोऱ्यातील लोक योनांच्या समाजाविषयी ऐकत होते, तेव्हा आणि त्यानंतरच्या काही शतकांत योन, म्हणजे ग्रीक, व त्यांच्यामागून रोमन लोक आपल्या देशाविषयी काय ऐकत होते? ऐकलेल्यातून त्यांनी पृथ्वीचे आणि तिच्या टोकाकडील देशांचे चित्र कसे रेखाटले? त्या चित्रात सत्य कोणत्या वाटेने आले आणि असत्य कोणत्या वाटेने शिरले? प्राचीन भारताचा इतिहास लिहिताना ग्रीक साक्षी पदोपदी पुढे केल्या जातात. म्हणून हे प्रश्न केवळ कुतूहलाचे नाहीत.

वर्तुळाकार पृथ्वी आणि पितळी नकाशा

होमरच्या महाकाव्यांतील पृथ्वी थाळीसारखी आहे व ओकेआनोस नावाची महानदी तिला चहूबाजूंनी वेढून वाहते. इ. स. पू. सहाव्या शतकात मिलेटस नगरीतील अनॅक्झिमँडर याने ज्ञात जगाचा पहिला नकाशा काढला, अशी ग्रीक परंपरा सांगते. त्याच नगरीतील हेकॅटिअस याने इ. स. पू. ५०० च्या सुमारास तो सुधारला. मिलेटस हे आयोनियातील व्यापारी बंदर. आयोनियन लोकांवरूनच इराणी सम्राटांच्या लेखांत 'यौन' आणि आपल्याकडे 'योन' हा शब्द आला. नकाशाचा जन्म अशा बंदरात व्हावा, हे स्वाभाविकच होते.

या नकाशांविषयी हेरोडोटसने सांगितलेला एक प्रसंग उद्बोधक आहे. इ. स. पू. ४९९ मध्ये मिलेटसचा अधिपती ॲरिस्टागोरस इराणविरुद्ध मदत मागण्यासाठी स्पार्टाला गेला. सारी पृथ्वी, समुद्र आणि नद्या कोरलेला एक पितळी पत्रा त्याने बरोबर नेला होता. पत्र्यावर बोट ठेवून तो राजा क्लिओमेनीसला एकामागून एक देश दाखवू लागला. हा देश त्याला लागून, तो याला लागून. राजाने विचार करून एकच प्रश्न केला : समुद्रकिनाऱ्यापासून इराणच्या राजधानीपर्यंत किती दिवसांची वाट आहे? उत्तर आले, तीन महिन्यांची. राजाने पाहुण्याला सूर्यास्तापूर्वी नगर सोडावयास सांगितले.

पत्र्यावर जे वीतभर दिसते ते पायाला किती पडते, हा प्रश्न पुढे सहाशे वर्षे ग्रीक-रोमन भूगोलविद्येच्या मुळाशी राहिला. हेरोडोटसने स्वतः जुन्या नकाशांची थट्टा केली आहे. कंपासने काढावे तसे पृथ्वीचे वर्तुळ काढून त्याभोवती महानदी वाहती दाखविणाऱ्यांचे त्याला हसू येते. ती नदी पाहिलेला मनुष्य त्याला भेटला नव्हता. परंतु भारताकडे वळताच हा चिकित्सकही सोने उकरणाऱ्या मुंग्यांची कथा सांगतो. त्या कोल्ह्याहून मोठ्या व कुत्र्याहून लहान असल्याचे तो नमूद करतो. भारत हा पूर्वेकडील शेवटचा वस्तीचा देश, त्यापलीकडे केवळ वाळू, अशी त्याची समजूत होती. मात्र इराणच्या भारतीय प्रांताकडून वर्षाला ३६० टॅलंट सुवर्णरज खंडणी म्हणून येत असे, हा त्याचा आकडा राज्यकारभाराच्या नोंदींच्या वळणाचा आहे. जमाखर्चातून आलेली माहिती आणि तोंडातोंडी आलेली कथा त्याच्या एकाच प्रकरणात शेजारी शेजारी बसल्या आहेत.

टोकाकडील माणसे

इ. स. पू. ४०० च्या सुमारास इराणच्या दरबारी राजवैद्य असलेल्या टेसिअस या ग्रीकाने भारतावर एक ग्रंथ लिहिला. त्याचा नवव्या शतकात केलेला सारांश आज उपलब्ध आहे. कुत्र्याच्या तोंडाची माणसे, माणसाच्या तोंडाचा नरभक्षक पशू, अशी या भारताची वस्ती आहे. टेसिअस भारतात कधी आला नव्हता. मध्य पृथ्वीवर माणसे राहतात व कडेला अर्धमानव राहतात, ही रचना त्याच्या मनात आधीच तयार होती. भारत त्या कडेच्या जागी बसविला गेला.

इ. स. पू. ३२६ मध्ये अलेक्झांडर सिंधूपार आला, तेव्हा पहिल्यांदाच मोठ्या संख्येने ग्रीक डोळ्यांनी हा देश पाहिला. तरीही पूर्वग्रह एकदम गेले नाहीत. सिंधूत मगरी आणि चिनाबच्या काठी इजिप्तमधल्यासारखी शेंगवनस्पती पाहून आपल्याला नाईल नदीचा उगम सापडला, असे अलेक्झांडरला वाटले. तसे पत्र त्याने आईला लिहावयास घेतले. पुढे स्थानिक लोकांकडे विचारपूस केली तेव्हा सिंधू दोन मुखांनी समुद्राला मिळते हे कळले आणि पत्रातील तो मजकूर त्याने काढून टाकला. जगज्जेत्याची चूक नदीकाठच्या माणसांनी दुरुस्त केली.

त्यानंतर इ. स. पू. ३०० च्या आसपास सेल्युकसचा राजदूत मेगॅस्थेनीस पाटलिपुत्रात आला. त्याचा 'इंडिका' हा ग्रंथ लुप्त झाला असून स्ट्रॅबो, डायोडोरस, ॲरियन, प्लिनी आदींनी उतरून घेतलेले अंश तेवढे राहिले आहेत. पाटलिपुत्र ८० स्टेडिया लांब व १५ स्टेडिया रुंद असून त्याच्या लाकडी तटाला ६४ दरवाजे व ५७० बुरूज होते, असे तो सांगतो. पाटण्याजवळ बुलंदीबाग येथील उत्खननात त्या लाकडी तटबंदीचे अवशेष मिळाले आहेत. पण हाच लेखक तोंड नसलेल्या, केवळ वासावर जगणाऱ्या माणसांचीही हकिकत देतो. ती त्याने पाहिली नाहीत, ऐकली. पाटलिपुत्रातील सांगणाऱ्यांच्याही मनात त्यांच्या टोकाकडील लोकांविषयी अशा कथा होत्याच, हे विसरता कामा नये.

मेगॅस्थेनीसची अधिक गंभीर साक्ष समाजरचनेविषयी आहे. भारतीय समाज सात वर्गांत विभागलेला असून एका वर्गातून दुसऱ्यात जाता येत नाही व वर्गाबाहेर विवाह होत नाही, असे तो म्हणतो. तत्त्वज्ञ, शेतकरी, पशुपालक व शिकारी, कारागीर व व्यापारी, सैनिक, देखरेख करणारे अधिकारी आणि मंत्री, ही त्याची यादी चातुर्वर्ण्याशी जुळत नाही. ती राज्यकारभाराच्या दृष्टीतून पाहिलेल्या व्यवसायांची यादी आहे. मात्र जन्माने पडलेली भिंत या परक्या माणसालाही दिसली, ही गोष्ट महत्त्वाची आहे. ॲरियनने दिलेल्या सारांशात या भिंतीला एकच दार आहे : तत्त्वज्ञ मात्र कोणत्याही वर्गातून होता येते. न्हावी उपाली आणि निर्माल्य उचलणारा सुनीत ज्या संघात थेर झाले, त्या संघाच्या वाचकांना या वाक्याचे मोल वेगळे सांगावयास नको. श्रमणांचा उल्लेख मेगॅस्थेनीस ब्राह्मणांपासून वेगळा करतो. त्यांतील वल्कले नेसून अरण्यात राहणारे भिक्खू नव्हेत. परंतु समाजात विचारवंतांच्या दोन स्वतंत्र परंपरा होत्या, ही त्याची नोंद अशोकाच्या शिलालेखांतील 'श्रमण-ब्राह्मण' या जोडशब्दाशी जुळते.

याउलट, भारतात कोणी गुलाम नाही, हे त्याचे विधान टिकत नाही. दासांना प्रव्रज्या देऊ नये असा नियम विनयपिटकात आहे आणि अशोक आपल्या लेखांत दास व नोकर यांच्याशी नीट वागण्यास सांगतो. मेगॅस्थेनीसची नजर ग्रीक धर्तीची गुलामगिरी शोधत होती. तशी ती न दिसल्याने त्याने ती नाहीच असे लिहिले. आपल्या ओळखीच्या रूपात आढळले नाही म्हणून दुःख नाहीच असे समजणे, ही परक्या पाहुण्याची चूक आहे; आणि ती केवळ प्राचीनांकडूनच होते असे नाही.

सावली, पावले आणि स्टेडिया

भूगोलाला गणिताचा पाया घातला तो एरॅटॉस्थेनीसने. इ. स. पू. तिसऱ्या शतकात तो अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख होता. उन्हाळ्यातील सर्वांत मोठ्या दिवशी मध्यान्ही सिएने, म्हणजे आजचे आस्वान, येथे सावली पडत नाही. त्याच वेळी अलेक्झांड्रियात मात्र सूर्य माथ्यापासून वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतका कललेला असतो. दोन्ही नगरांतील अंतर ५,००० स्टेडिया धरून त्याने पृथ्वीचा परीघ २,५०,००० स्टेडिया काढला. पुढे भागाकाराच्या सोयीसाठी तो २,५२,००० करण्यात आला. स्टेडियम हे माप स्थूलमानाने १६० ते १८५ मीटरचे. एक काठी, एक सावली आणि एक मोजलेला रस्ता एवढ्या साधनांवर काढलेले हे उत्तर वास्तवाच्या आश्चर्य वाटावे इतके जवळ आहे.

भारताचा आकार त्याने समभुज चौकोनासारखा तिरपा मानला. सीमेपासून पाटलिपुत्रापर्यंतचे अंतर १०,००० स्टेडिया दिले आहे, कारण तो राजमार्ग मोजलेला होता. त्यापुढचे अंतर गंगेतून वर येणाऱ्या नौकांच्या प्रवासावरून केलेला अंदाज आहे, हेही नमूद केले आहे. कोठे मोजले आणि कोठे तर्क केला हे वाचकाला सांगणे, ही या परंपरेची सर्वांत मोठी देणगी होय.

पंडितांचा तिटकारा, नावाड्यांचे ज्ञान

इ. स. पू. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमने इजिप्त जिंकले आणि तांबड्या समुद्रातून भारताकडे होणारी जहाजांची ये-जा वाढली. मायोस होर्मोस या एकाच बंदरातून १२० जहाजे भारताकडे जात असल्याचे स्ट्रॅबोने तेथे असताना ऐकले. भारत दरवर्षी साम्राज्यातील ५ कोटी सेस्टर्स ओढून घेतो, अशी तक्रार प्लिनीने इ. स. ७७ च्या सुमारास केली.

हाच स्ट्रॅबो भारतावर लिहिणाऱ्या पूर्वसूरींना बहुतांशी खोटारडे ठरवितो. त्याची चिकित्सा पुष्कळ अंशी योग्य आहे. पण त्याच्या हाताशी नवी माहिती होती, ती त्याने का घेतली नाही? हल्ली भारतात जाणारे व्यापारी अडाणी आहेत, प्रदेशांच्या अभ्यासाला त्यांचा उपयोग नाही, असे कारण तो देतो. परिणामी प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांना दूर सारून तो तीनशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथांवरच भारताचे वर्णन रचतो. पोथीचा अभिमान आणि श्रमणाऱ्याच्या ज्ञानाविषयीचा तिटकारा हा केवळ आपल्याच देशाचा रोग नव्हे.

स्ट्रॅबोने ज्यांना अडाणी म्हटले त्यांच्यापैकीच एकाचा ग्रंथ सुदैवाने उरला आहे. इ. स. च्या पहिल्या शतकाच्या मध्यास इजिप्तमधील एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेला 'एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस' हा तो ग्रंथ. त्यात अलंकार नाहीत. बंदर, वारा, भरती-ओहोटी, माल आणि राजा यांची नोंद आहे. भरुकच्छाच्या दक्षिणेचा प्रदेश 'दखिनाबदेस' म्हणून ओळखला जातो, कारण तेथील भाषेत 'दखनोस' म्हणजे दक्षिण, असे तो सांगतो. ग्रंथातील 'दक्षिणापथ' हे संस्कृत रूप नव्हे. पालितील 'दक्खिणापथ' हा लोकांच्या तोंडचा उच्चार या नावाड्याच्या कानाने टिपला आहे. भरुकच्छाहून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर. तेथून गाड्यांतून येणारे कापड, पैठणचे गोमेदासारखे दगड, किनाऱ्यावरील सोपारा, कल्याण, चौल, हे सारे त्यात आहे. कल्याणला चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भरुकच्छाला नेली जातात, ही राजकीय वार्ताही तो देतो.

दिवसांच्या हिशेबाने वाट सांगण्याची ही रीत आपल्याला अनोळखी नाही. सुत्तनिपाताच्या पारायनवग्गात गोदावरीकाठचे बावरीचे शिष्य पतिट्ठान, माहिस्सती, उज्जेनी, वेदिसा, कोसंबी, साकेत असे टप्पे घेत श्रावस्तीकडे जातात. हाही एक नकाशाच आहे. पत्र्यावर कोरलेला नव्हे, पायांनी पाठ केलेला.

पण पेरिप्लसचा लेखकही जेथे गेला नव्हता तेथे चुकतो. श्रीलंका पश्चिमेकडे जवळजवळ आफ्रिकेपर्यंत पसरली आहे, असे तो लिहितो आणि पूर्व किनाऱ्यापलीकडे घोड्याच्या तोंडाची व माणसे खाणारी माणसे असल्याचे सांगतो. टेसिअसच्या काळी सिंधूकाठी असलेले राक्षस साडेचारशे वर्षांत गंगेपलीकडे सरकले, एवढेच. जहाजे जसजशी पुढे गेली तसतसे राक्षस मागे हटले.

टॉलेमीची जाळी

इ. स. १५० च्या सुमारास अलेक्झांड्रियात क्लॉडिअस टॉलेमीने या सर्व ज्ञानाचा समुच्चय केला. सुमारे ८,००० स्थळांना त्याने अक्षांश-रेखांश दिले. पैठण ही सिरिप्टोलेमाइओस याची आणि उज्जैन ही तिआस्तेनेस याची राजधानी, असे तो नोंदवितो. नाशिक व कार्ल्याच्या लेण्यांत ज्यांचे नाव कोरलेले आहे ते वासिष्ठीपुत्र पुळुमावी आणि क्षत्रप चष्टन, हेच ते दोघे. सातवाहनांच्या कालनिर्णयात या एका नोंदीचे साहाय्य मोठे आहे. चौलचे 'सिमिला' हे नाव देऊन, तेथून आलेले व्यापारी स्थानिक लोक त्याला 'तिमूला' म्हणतात असे सांगतात, अशी दुरुस्तीही तो करतो. कान्हेरीच्या लेखांतील 'चेमुल' हेच नाव आहे. स्ट्रॅबोने ज्यांच्याकडे पाठ फिरविली, त्यांच्याकडे टॉलेमीने कान दिला.

तरीही त्याचा भारत ओळखू येत नाही. खंबायतच्या आखातापासून दक्षिणेस उतरावयाचा किनारा त्याच्या नकाशात जवळजवळ पूर्वेकडे धावतो. द्वीपकल्पच नाहीसे होते. ताम्रपर्णी, ग्रीकांची 'तप्रोबने', अनेक पटींनी फुगून विषुववृत्तापलीकडे जाते. हिंदी महासागर दक्षिणेकडून जमिनीने बंद होतो. याचे कारण सरळ आहे. व्यापाऱ्यांकडून मिळाले होते ते दिवसांत मोजलेले अंतर. आकाशाच्या निरीक्षणाने निश्चित केलेली स्थळे अगदी थोडी होती. शिवाय एरॅटॉस्थेनीसचा मोठा परीघ सोडून त्याने १,८०,००० स्टेडियांचा लहान परीघ स्वीकारला. जाळीचे प्रत्येक घर आकड्याने भरलेच पाहिजे, या आग्रहाने तर्काला मोजमापाचा दर्जा मिळाला. टॉलेमीचा ग्रंथ पंधराव्या शतकाच्या आरंभी लॅटिनमध्ये आला. १४९२ मध्ये कोलंबस पश्चिमेकडून आशियाला निघाला तो अशाच लहान मानलेल्या पृथ्वीच्या भरवशावर. आणि एका दुसऱ्याच खंडातील लोकांना 'इंडियन' हे नाव चिकटले. नकाशातील चूक शेवटी माणसांवर जाऊन पडते.

योनांकडे पाहणारी नजर

आता आपल्या बाजूकडे वळू. आपल्याकडचे सारे चित्र खरे होते असा दावा करता येणार नाही. सुप्पारक जातकातील भरुकच्छाचा आंधळा निर्यामक ज्या समुद्रांतून नौका नेतो, ते ग्रीक कथांइतकेच अद्भुत आहेत. जंबुद्वीप आणि मेरू यांची रचना होमरच्या थाळीहून फार निराळी नाही. परंतु योनांविषयीची नोंद वेगळ्या जातीची आहे. योनांचा देश सोडल्यास ब्राह्मण आणि श्रमण नाहीत असा देश नाही, असे सम्राट अशोक तेराव्या शिलालेखात सांगतो. त्याच लेखात पाच योन राजांची नावे अचूक आली आहेत. अस्सलायनसुत्तातील योनांना ना श्वानमुख आहे, ना ते वासावर जगतात. ती सामान्य माणसे आहेत. केवळ त्यांची समाजव्यवस्था निराळी आहे. आणि ती निराळी आहे एवढ्यानेच येथील व्यवस्था नैसर्गिक वा ईश्वरदत्त नाही, हे सिद्ध होते. योनांची व्यवस्था आदर्श आहे असे सुत्तात कोठेही म्हटलेले नाही. गुलामी तेथेही आहेच. दूरदेशाचा उपयोग तेथे नवल म्हणून नाही, स्तुतीसाठी नाही. पुरावा म्हणून आहे.

हे योन पुढे प्रत्यक्ष आले. कार्ल्याच्या चैत्यगृहातील अनेक स्तंभ धेनुकाकटच्या यवनांनी दिलेले आहेत. जुन्नर आणि नाशिकच्या लेण्यांतही यवन दात्यांचे लेख आहेत. उलट दिशेने, इजिप्तमधील बेरेनिके बंदराच्या उत्खननात २०२२ साली संगमरवरी बुद्धमूर्ती मिळाली. इ. स. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने आपल्या ग्रंथात 'बुत्ता'चे नाव घेतले आहे. टॉलेमीच्या जाळीत जे बसले नाही, ते या स्तंभांनी आणि या मूर्तीने आपल्या जागी ठेवले.

शेवटी पुण्ण थेरांची आठवण होते. मज्झिमनिकायातील पुण्णोवादसुत्तात ते सुनापरांतास जाण्याची अनुज्ञा मागतात. अट्ठकथा त्या प्रदेशाचा संबंध सोपाऱ्याच्या किनाऱ्याशी जोडते. तेथील लोक चंड आहेत, कठोर आहेत, असे त्यांना सांगितले जाते. म्हणजे मध्यदेशाच्या नकाशात एके काळी आपलाच किनारा टोकाचा, भयाचा प्रदेश होता. पुण्ण त्या ऐकीव वर्णनाशी वाद घालत नाहीत. शिव्या मिळाल्या, मार मिळाला, तर मनाची तयारी काय असेल ते सांगतात आणि निघतात. त्या एका वर्षावासातच तेथे शेकडो उपासक आणि उपासिका झाल्या, असे सुत्त सांगते. दूरच्या माणसांविषयी ऐकलेल्या गोष्टी पारखण्याचा मार्ग अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयातून जातो, बंदरातून जातो; पण तो पुरा होतो तो माणसाने माणसाकडे जाण्यानेच.